यानुश कोर्चाक : मुलांच्या मनाचे डॉक्टर

इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलांना यानुश कोर्चाक हे नाव शाळेतून माहीत असते. योम हाशोआच्या दिवशी त्यांची गोष्ट सांगतात, आणि त्यांच्या नावाचे रस्तेही इथे आहेत. पण आपल्याला बहुधा त्यांच्या आयुष्याचा शेवटचा दिवसच ठाऊक असतो. त्याआधीची तीस वर्षे त्यांनी काय केले, हे आजी-आजोबा आणि नातवंडे मिळून मराठीतून वाचू या. आपला या पाठाचा विषय आहे भावना ओळखणे आणि सांभाळणे, आणि तो विषय कोर्चाक यांच्याइतका रोजच्या जगण्यात उतरवलेली माणसे थोडीच.

राग आला तर तो राग आहे हे ओळखणे, तो आवरणे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते समजून घेणे आणि बिघडलेले नाते परत जोडणे, याला आज भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची व्याख्या मांडली, आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. कोर्चाक यांनी हा शब्द कधी ऐकला नाही. मात्र त्याचे शिक्षण ते वॉर्सातल्या पोरक्या मुलांना कितीतरी आधीपासून देत होते.

त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म २२ जुलैचा. साल १८७८ की १८७९ हे नक्की नाही, कारण वडिलांनी नोंद करायला उशीर केला. वडील वॉर्सातले वकील, घर खाऊनपिऊन सुखी. हेन्रिक पाच वर्षांचा असताना त्याचा पाळलेला पक्षी मेला. त्याला पुरून वर क्रूस लावावा असे त्याच्या मनात होते. पण इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने सांगितले की पक्षी यहुदी होता, आणि हेन्रिकही यहुदीच आहे. आपण वेगळे आहोत हे त्या मुलाला असे कळले. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारे दुःख मुलाला किती मोठे असते, हे ते जन्मभर विसरले नाहीत.

पुढे वडिलांना मनाचा आजार झाला. उपचारांत पैसा गेला आणि १८९६ मध्ये ते वारले. शाळकरी हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. आपल्यालाही तोच आजार होईल ही भीती त्यांच्या मनात कायम राहिली. त्यांनी लग्न केले नाही, स्वतःची मुले होऊ दिली नाहीत. ती भीती त्यांनी झाकून ठेवली नाही. तिच्याकडे नीट पाहिले आणि आपले आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना द्यायचे ठरवले.

१८९८ मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी त्यांनी यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले, तेच पुढे राहिले. १९०५ मध्ये ते डॉक्टर झाले. रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेले, आणि परत आल्यावर वॉर्सातल्या यहुदी मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. नाव झाले, श्रीमंत घरांतून बोलावणी येऊ लागली. पण बरे करून घरी पाठवलेले गरीब मूल पुन्हा त्याच उपासमारीत आणि मारहाणीत जाते, हे त्यांना खुपत होते. १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या घरात यहुदी मुलांसाठी अनाथालय उघडले, आणि त्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांच्या सोबत होत्या स्तेफानिया विल्चिन्स्का. मुले त्यांना स्तेफा बाई म्हणत. रोजचा सगळा कारभार या बाईंच्याच अंगावर होता.

शंभराहून जास्त मुले तिथे राहात. रस्त्यावर वाढलेली, मार खाल्लेली, चोरी करणारी, रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी. अशा मुलांना शहाणपणाचे उपदेश करून काही होत नाही, हे डॉक्टरांच्या लवकर ध्यानात आले. म्हणून त्यांनी भावना हाताळायच्या साध्या रीती घालून दिल्या.

पहिली रीत पत्रपेटीची. ज्याला काही सांगायचे असेल त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी. तोंडाने सांगताना मूल अडखळते, भांडते, रडते. लिहिताना त्याला थांबावे लागते, आपल्याला नेमके काय लागले आहे ते शोधावे लागते. उत्तर लगेच मिळत नाही, म्हणून वाट पाहायलाही ते शिकते. पुष्कळदा चिठ्ठी लिहीपर्यंत राग निवून जाई.

दुसरी रीत फळ्याची. भिंतीवरच्या फळ्यावर आभार मानणाऱ्यांची आणि क्षमा मागणाऱ्यांची यादी असे. ज्या मुलाला तोंडावर माफी मागायची लाज वाटते, ते यादीत नाव लिहू शकते. आपली चूक कबूल करायला एक सोपी वाट मिळाली, की अहंकार फार आडवा येत नाही.

तिसरी रीत पैजेची. मारामारी करणाऱ्या मुलाला उद्यापासून एकदम बंद कर, असे डॉक्टर सांगत नसत. या आठवड्यात तू किती वेळा मारामारी करशील, अशी पैज ते त्याच्याशी लावत. आकडा मुलानेच ठरवायचा. पुढच्या आठवड्यात तो कमी करायचा. पैज जिंकली की गोळ्या-चॉकलेट. मोजणी मुलाची स्वतःची, आणि डॉक्टर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत. कोणी पाहात नसताना स्वतःवर नजर ठेवायची सवय अशी लागते.

चौथी आणि सर्वांत प्रसिद्ध रीत म्हणजे मुलांचे कोर्ट. कोणीही कोणावरही फिर्याद करावी, मोठ्यांवरसुद्धा. न्यायाधीश मुलेच, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. ज्याच्यावर त्या आठवड्यात फिर्याद आहे त्याला न्यायाधीश होता येत नसे. कायद्याचे पुस्तक डॉक्टरांनी लिहिले, आणि त्यातली सुरुवातीची कलमे सारी माफीची होती. त्याला माहीत नव्हते म्हणून माफ, पहिलीच वेळ म्हणून माफ, पश्चात्ताप झाला म्हणून माफ. हळूहळू कलमे कडक होत आणि हजाराव्या कलमाला अनाथालयातून काढणे. शिक्षा काय द्यायची यापेक्षा त्याने असे का केले, हे मुलांना आधी विचारावे लागे. सहा महिन्यांत डॉक्टर स्वतः पाच वेळा या कोर्टापुढे उभे राहिले. एका मुलाला थप्पड मारली, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, असे त्यांचे गुन्हे होते. मोठ्यांचा राग मोकाट आणि मुलांचा मात्र बांधलेला, असे तिथे नव्हते.

शिवाय प्रत्येक मुलाला स्वतःचा खण होता. त्यात बटण, दोरी, रंगीत काच असा खजिना ठेवावा. मोठ्यांनी तो कचरा समजून फेकू नये. त्या दोरीशी कसली आठवण बांधलेली आहे, ते मुलालाच ठाऊक.

या अनुभवांतून त्यांनी पुस्तके लिहिली. मुलावर प्रेम कसे करावे, यावरचे पुस्तक पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या रुग्णालयात लिहायला घेतले होते. मुलांसाठी लिहिलेली राजा मात्याची कादंबरी १९२३ ची. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. १९३४ पासून पोलिश रेडिओवर ते म्हातारा डॉक्टर या नावाने बोलत. यहुदी माणसाचे खरे नाव तिथे चालणार नव्हते, आणि १९३६ मध्ये तो कार्यक्रमही बंद पडला. १९३४ आणि १९३६ मध्ये ते आपल्या या देशात येऊन एन हरोद किबुत्झमध्ये राहिले. स्तेफा बाई तर तिथे राहायलाच आल्या होत्या, पण १९३९ मध्ये युद्धाची चिन्हे असताना त्या मुलांकडे वॉर्साला परतल्या.

१९४० मध्ये अनाथालयाला घेटोत जावे लागले. जाताना जर्मनांनी मुलांच्या बटाट्यांची गाडी हिसकावली. डॉक्टर तक्रार करायला थेट त्यांच्या कचेरीत गेले, दंडाला सक्तीची पट्टी न लावता. त्यांना मारहाण झाली, तुरुंगात टाकले. राग आवरणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे, हे इथे दिसते. मुलाच्या चिडण्यावर शांत राहणारे डॉक्टर मुलांच्या तोंडचा घास गेल्यावर शांत राहिले नाहीत. सुटून आल्यावर ते आजारी देहाने रोज पोते घेऊन दारोदार अन्न मागत फिरले.

१८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी एक नाटक केले, रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. आजारी अमल खोलीत बंद आहे आणि खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राजाच्या पत्राची वाट पाहतो. आपल्या भारतातले हे नाटक घेटोतल्या मुलांपर्यंत पोहोचले. भीती नाकारायची नाही आणि तिच्यापुढे मोडायचेही नाही, हे मुलांना गोष्टीतून देता येते, असा डॉक्टरांचा विश्वास होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सैनिक आले. मित्रांनी डॉक्टरांना घेटोबाहेर काढायची सोय करू पाहिली होती. त्यांनी नकार दिला होता. सुमारे दोनशे मुले, स्तेफा बाई आणि इतर शिक्षक यांच्यासोबत ते रांगेत चालत गाडीपर्यंत गेले. त्रेब्लिंकाहून कोणी परत आले नाही. यरुशलेमच्या याद वाशेममध्ये मुलांना कवेत घेतलेल्या डॉक्टरांचे शिल्प आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारामागेही, जो पोलंडने प्रथम सुचवला, त्यांच्या विचारांचा धागा आहे.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचली असेल. मुलाच्या डोळ्यांतले पाणी ज्याला दिसते तोच शिक्षक, हे त्या पुस्तकातून आपल्याला माहीत आहे. वॉर्सातला हा डॉक्टर म्हणूनच आपल्याला परका वाटत नाही.

घरी करून पाहा

१. एका डब्याची पत्रपेटी करा. आठवडाभर ज्याला जे लागले ते त्याने त्यात लिहून टाकावे. मोटझे शब्बाथला हब्दाला झाल्यावर सर्वांनी बसून चिठ्ठ्या वाचाव्या. आजी-आजोबांनीही चिठ्ठी टाकावी.

२. स्वतःची एक सवय निवडा, उदाहरणार्थ ओरडणे. आठवड्याचा आकडा ठरवून घरातल्या कोणाशी पैज लावा.

वर्गात बोलण्यासाठी

१. कोर्टाच्या कायद्यात माफीची कलमे आधी का ठेवली असतील?

२. डॉक्टर कोणत्या प्रसंगी रागावले आणि कोणत्या प्रसंगी थांबले? त्यांत फरक काय?

३. तुमच्या खणात अशी कोणती वस्तू आहे, जी दुसऱ्याला कचरा वाटेल? तिची गोष्ट मराठीत सांगा.