जोसेफ ब्रामा

जोसेफ ब्रामा (१३ एप्रिल, १७४८ - ९ डिसेंबर, १८१४) हे इंग्लिश यंत्रज्ञ व संशोधक होते. फ्लश शौचकूपाची सुधारित झडप, सहज न उघडणारे कुलूप आणि द्रवीय दाबयंत्र (हायड्रॉलिक प्रेस) यांसाठी ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

ब्रामा यांचा जन्म यॉर्कशायरमधील स्टेनबरो येथे शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी पायाला झालेल्या दुखापतीमुळे शेतीकाम अशक्य झाले, म्हणून त्यांनी सुतारकाम शिकले. पुढे लंडनला येऊन ते घरोघरी शौचकूप बसविण्याचे काम करू लागले.

शौचकूपाची झडप

अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपात भांड्याच्या तळाशी सरकती झडप होती. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून ही झडप अडकत असे. झडप नीट बसली नाही, तर भांड्यातील पाणी झिरपून जाई व गटारातील दुर्गंधी घरात येई. ब्रामा यांनी सरकत्या झडपेऐवजी बिजागरीची झडप बसवली. ही झडप खालून वर येऊन भांड्याचे तोंड बंद करी. मूठ ओढताच ती खाली पडे आणि टाकीतील पाणी भांडे धुऊन काढी. या रचनेचे पेटंट त्यांना १७७८ मध्ये मिळाले. ही झडप असलेले शौचकूप एकोणिसाव्या शतकातही दीर्घकाळ वापरात होते. मात्र झडपेची बैठक घट्ट ठेवण्यासाठी नियमित देखभाल आवश्यक असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात भांड्यात झडप नसलेली, केवळ पाण्याच्या सापळ्याने दुर्गंधी अडविणारी चिनी मातीची भांडी प्रचलित झाली.

इतर शोध

१७८४ मध्ये ब्रामा यांनी कुलपाचे पेटंट घेतले. हे कुलूप किल्लीविना उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस देण्याचे आव्हान त्यांच्या दुकानात लावलेले होते. ब्रामा यांच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये, अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते उघडले. त्यासाठी त्यांना पन्नासहून अधिक तास लागले.

१७९५ मध्ये त्यांनी द्रवीय दाबयंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रात दट्ट्याच्या कडेने होणारी पाण्याची गळती ही मोठी अडचण होती. त्यांच्या कारखान्यातील कारागीर हेन्री मॉडस्ले यांनी चामड्याची कडी वापरून ती दूर केली, असे मानले जाते. पाण्याचा दाब वाढेल तशी ही कडी दट्ट्याला अधिक घट्ट चिकटे. मॉडस्ले पुढे स्वतः नामवंत यंत्रनिर्माते झाले. १८०६ मध्ये ब्रामा यांनी बँक ऑफ इंग्लंडसाठी नोटांवर क्रमांक छापणारे यंत्रही तयार केले.

मृत्यू

द्रवीय दाबयंत्राने झाडे मुळासकट उपटण्याच्या कामावर देखरेख करीत असताना ब्रामा यांना सर्दी झाली. ती विकोपास जाऊन ९ डिसेंबर, १८१४ रोजी त्यांचे निधन झाले.