जीन रीस

वेस्ट इंडीजच्या द्वीपमालेत डॉमिनिका नावाचे एक लहानसे बेट आहे. उंच डोंगर, दाट अरण्ये आणि विपुल पाऊस यांमुळे ते सदैव हिरवेगार दिसते. या बेटावरील रोझो या गावी २४ ऑगस्ट १८९० रोजी एला ग्वेंडोलिन रीस विल्यम्स हिचा जन्म झाला. पुढे जीन रीस या नावाने विख्यात झालेली कादंबरीकार ती हीच. तिचे वडील वेल्समधून आलेले डॉक्टर होते; आईचे घराणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या बेटावरच नांदत होते. बेटांवर जन्मलेल्या अशा गोऱ्यांना क्रिओल म्हणत. इंग्लंडातील गोरे त्यांना परके लेखीत. बेटावरील काळे लोक तरी त्यांना आपले कसे मानणार? त्यांच्या पूर्वजांना याच घराण्यांनी गुलाम म्हणून राबविले होते. जीनच्या पणजोबांच्या मळ्यावरही गुलाम होते.

१९०७ साली, सोळा वर्षांची असताना, जीनला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. केंब्रिजच्या शाळेतील मुली तिच्या बोलण्याची टर उडवीत. नंतर ती लंडनच्या नाट्यशाळेत गेली, पण तिच्या बेटावरील उच्चारांपुढे शिक्षकांनी हात टेकले आणि तिला शाळा सोडावी लागली. पुढे ती नेहमी अगदी हळू आवाजात बोले.

पोटासाठी तिने नाटकमंडळ्यांत नाचगाण्याची कामे केली. विवाहानंतर काही काळ ती पॅरिसमध्ये राहिली. १९२८ ते १९३९ या काळात तिच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पण लवकरच लोक त्या विसरले आणि तिलाही विसरले. ती मरण पावली असाच अनेकांचा समज झाला. १९४९ साली एका अभिनेत्रीने तिचा ठावठिकाणा विचारणारी जाहिरात दिली, तेव्हा कोठे ती हयात असल्याचे कळले!

शार्लट ब्राँटे हिची ‘जेन एअर’ ही १८४७ सालची कादंबरी जीनने लहान वयातच वाचली होती. तीत रॉचेस्टर नावाच्या धनिकाच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक वेडी स्त्री कोंडलेली असते. ती त्याची पहिली पत्नी बर्था, जमैका बेटावरून आणलेली क्रिओल. तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते बहुतेक सारे पतीच्या तोंडून. वाचक जेनसाठी हळहळतो. बर्थेचे त्याला केवळ भय वाटते. जीनला हे सतत सलत राहिले. ही मुलगी कोण होती? ती वेडी जन्मली की वेडी केली गेली?

१९५७ साली तिने ही कथा लिहिण्याचे अंगावर घेतले. काही महिन्यांत ती पुरी होईल असे वाटले होते. लागली नऊ वर्षे. डेव्हनमधील लहानसे घर, पतीचे दीर्घ आजारपण, पैशाची चणचण. त्यातच १९६४ साली तिला हृदयविकाराचा झटका आला. तरीही एकेक परिच्छेद ती पुनःपुन्हा लिहीत राहिली.

१९६६ साली ‘वाइड सार्गासो सी’ प्रसिद्ध झाली. तीत बर्थेचे मूळ नाव आंत्वानेत आहे. बर्था हे नाव पतीने तिच्यावर लादलेले. मुक्त झालेल्या गुलामांचा संताप, जळणारे घर, आईची दुर्दशा, हे सारे ती स्वतः सांगते. जीनची न्यायबुद्धी अशी, की कादंबरीचा मोठा भाग तिने त्या पतीलाही बोलू दिला आहे. तोही तेथे भांबावलेला आणि एकाकी दिसतो. मळेवाल्यांचे दोषही तिने झाकले नाहीत.

मानसन्मान आले तेव्हा जीन शहात्तर वर्षांची होती. फार उशीर झाला, एवढेच तिला वाटले. १४ मे १९७९ रोजी एक्सेटर येथे तिचे निधन झाले. १९३६ सालच्या एका भेटीनंतर डॉमिनिका तिला पुन्हा दिसले नाही.