ब्रदर बेंतो द गोइश : नाव न लपविणारा वाटसरू



चारशे वर्षांपूर्वी आग्र्याहून चीनपर्यंत खुष्कीच्या मार्गाने गेलेल्या एका येशूसंघीय ब्रदरची जीवनकथा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ब्रदर बेंतो द गोइश यांचा जन्म १५६२ साली पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवर झाला. तारुण्यात ते सैनिक म्हणून हिंदुस्थानात आले. पुढे जीवनाला वेगळे वळण मिळाले आणि गोव्यात त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. एकदा मध्येच संघ सोडून ते निघूनही गेले होते. परंतु १५८८ मध्ये पश्चात्तापाने परत आले व अखेरपर्यंत धर्मगुरू न होता साधे ब्रदरच राहिले.

१५९५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील फादर जेरोम झेवियर यांच्यासमवेत ते सम्राट अकबराच्या दरबारी गेले. तेथे व्यापाऱ्यांच्या तोंडून ‘कॅथे’ नावाच्या दूरच्या देशाविषयी व तेथील ख्रिस्ती लोकांविषयी ऐकू येत असे. कॅथे म्हणजे चीनच, असे बीजिंगला पोहोचलेले फादर मातेओ रिची कळवीत होते. परंतु त्यावर सर्वांचा विश्वास बसत नव्हता. प्रत्यक्ष जाऊन शहानिशा करण्याची कामगिरी ब्रदर बेंतो यांच्यावर सोपविण्यात आली. अकबरानेही त्यांना वाटखर्चासाठी पैसे व शिफारसपत्रे दिली.

२९ ऑक्टोबर १६०२ रोजी त्यांनी आग्रा सोडले. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश होता. नाव त्यांनी अब्दुल्ला असे घेतले. अब्दुल्ला म्हणजे परमेश्वराचा सेवक. मात्र या नावापुढे त्यांनी ‘इसाई’ हा शब्द जोडला, म्हणजेच ख्रिस्ती. पोर्तुगीज असल्याचे त्यांनी लपविले, श्रद्धा मात्र लपविली नाही. १६०३ च्या प्रारंभी लाहोरहून सुमारे पाचशे माणसांच्या काफिल्यासोबत ते काबूलच्या वाटेला लागले. वाटेत लुटारूंचा हल्ला झाला, तेव्हा रानात पळून त्यांनी जीव वाचविला.

काबूलला पोहोचेपर्यंत दोघा सहप्रवाशांचा धीर सुटला व ते मागे राहिले. पुढे सोबत उरला तो लाहोरचा इसहाक नावाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती. याच प्रवासात मक्केच्या यात्रेहून परतणारी, काश्गरच्या राजाची बहीण अडचणीत सापडलेली त्यांना भेटली. तिच्याजवळ पैसे उरले नव्हते. ब्रदरनी आपला माल विकून तिला सहाशे सुवर्णमुद्रा व्याज न घेता उसन्या दिल्या. पुढे खोतानला तिच्या पुत्राने हे ऋण मौल्यवान जेड पाषाणाच्या रूपाने फेडले.

मोगलांची सरहद्द ओलांडून काफिला बदख्शानच्या मुलखात शिरला, तेव्हा तेथे राजसत्तेविरुद्ध बंड पेटले होते. तालिकान येथे काफिला सुमारे महिनाभर अडकून पडला. पुढे बंडखोरांनी गाठले, तेव्हा व्यापाऱ्यांनी मालाच्या गाठोड्यांचा कोट रचला व दगड जमविले. तरीही बराच माल लुटला गेला. एका अरुंद घाटात चार लुटारूंनी ब्रदर बेंतो यांना एकटे गाठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून दूर भिरकावली. लुटारू टोपीशी खेळण्यात रमले असता घोड्याला टाच मारून ते निसटले. त्यानंतर पामीरच्या हिमात त्यांचे पाच घोडे दगावले.

नोव्हेंबर १६०३ मध्ये ते यार्कंदला पोहोचले व चीनकडे जाणाऱ्या काफिल्यासाठी त्यांना वर्षभर थांबावे लागले. पुढे चालिस या शहरी त्यांच्या जीवनातील सर्वांत सुंदर प्रसंग घडला. तेथील अधिकाऱ्यासमोर मौलवींशी त्यांचा धर्मविषयक संवाद झाला. प्रवासाचा परवाना लिहिताना त्यात ख्रिस्ती असा उल्लेख करावा का, असे अधिकाऱ्याने विचारले. तो उल्लेख वगळणे सुरक्षित होते. परंतु ज्या नावाने इथवर आलो, त्याच नावाने प्रवास संपवायचा आहे, असे ब्रदरनी सांगितले. हे ऐकून एका वयोवृद्ध मौलवीने आदराने डोक्यावरची टोपी उतरविली.

चालिसलाच बीजिंगहून परतलेले व्यापारी भेटले. ते तेथे फादर रिची यांच्या सहवासात राहिले होते आणि त्यांच्याजवळ पोर्तुगीज भाषेत लिहिलेला एक कागद होता. कॅथे म्हणजे चीनच, याविषयी ब्रदर बेंतो यांच्या मनात शंका उरली नाही.

१६०५ च्या अखेरीस ते चीनच्या सरहद्दीवरील सुचौ येथे पोहोचले. पण तेथून पुढे जाता येईना. पैसा संपत आला, प्रकृती ढासळली. अखेर त्यांचे पत्र मिळताच फादर रिचींनी जोवान्नी फर्नांदेस या तरुण चिनी ख्रिस्ती बांधवाला बीजिंगहून धाडले. भर हिवाळ्यातील प्रवासानंतर मार्च १६०७ च्या शेवटी त्याने पोर्तुगीज भाषेत हाक मारली, तेव्हा आजारी ब्रदरनी अश्रूपूर्ण नयनांनी शिमोनाचे स्तोत्र गाइले. अवघ्या काही दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी, त्यांनी देह ठेवला. बीजिंग त्यांना पाहता आले नाही.

त्यांच्या रोजनिशीत सहप्रवाशांकडून येणे असलेल्या रकमांची नोंद होती. त्यामुळे ती फाडून टाकण्यात आली. इसहाकलाही अटक झाली. जोवान्नीने त्याला एकटे सोडले नाही. अंगावरचे कपडे विकून त्याने इसहाकला अन्न पुरविले व कज्जा लढवून त्याची सुटका केली. रोजनिशीचे उरलेले तुकडे घेऊन दोघे बीजिंगला गेले. इसहाकच्या तोंडची हकिकत ऐकून फादर रिचींनी ती लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. पुढे समुद्रमार्गे परतताना इसहाकला पत्नीच्या निधनाची वार्ता समजली आणि तो आपल्या कोकणातील चौल येथेच स्थायिक झाला.

जोवान्नीची हाक ऐकू येईपर्यंत ब्रदर बेंतो यांना आपला प्रवास निष्फळ झाला असेच वाटले असेल. भूगोलातील एका प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले, हे खरेच. परंतु अनोळखी मुलखात, युद्धाच्या छायेत, कोणाचा द्वेष न करता, गरजवंत परधर्मीय स्त्रीला मदत करीत आणि आपले ख्रिस्ती नाव न सोडता ते चालत राहिले, हे त्याहून मोठे आहे. बाप्तिस्म्यात मिळालेले ते नाव आपणही धारण करतो. नोकरीच्या ठिकाणी, प्रवासात, परक्या शहरात ते सांगण्याची वेळ येते, तेव्हा आपण काय करतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.