हाफकिन कोण होते? प्लेगच्या लशीसाठी जागा आणि पैसा कुठून आला? जाणून घ्या

भंडारा जिल्ह्यात तुमसर असो की लाखांदूर, पल्स पोलिओच्या दिवशी बाळाला दोन थेंब मोफत मिळतात. देशात पोलिओची लस तयार करणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईतील परळचे 'हाफकिन' महामंडळही आहे. हे नाव आले कुठून?

ओडेसा ते मुंबई
वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसातील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना तिथे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही स्वतःवरच तपासली.

जागा कोणी दिली?
लस सापडली, पण हजारो डोस बनवायला मोठी जागा आणि पैसा हवा होता. आगाखान तिसरे यांनी आपली 'खुश्रू लॉज' ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी स्वतः लस टोचून घेतली. पुढे सरकारने जबाबदारी घेतली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

आरोप आणि सुटका
१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना निलंबित केले गेले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना जंतुसंसर्ग झाल्याचे पुढे मानले गेले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज पैसा कोण देतो?
बालकांच्या नियमित लसीकरणाचा बहुतांश खर्च सरकार करते. २००० मध्ये स्थापन झालेली 'गॅव्ही' ही जागतिक संस्था कमी उत्पन्नाच्या देशांना लशींसाठी निधी देते. पेंटाव्हॅलंट लशीसाठी भारतालाही तिची मदत मिळाली. आता भारत तिला निधीही देतो.

थोडक्यात, एका दात्याच्या वास्तूने लशीची सुरुवात करून दिली. ती गावोगावी, दरवर्षी पोहोचवायची तर सरकारी तिजोरीतून नियमित पैसा लागतो. तो थांबला, तर सर्वात आधी दूरच्या गावातले बाळ लशीविना राहते.