लोहाराचा मुलगा आणि हिंदुस्थानी पोलाद

मायकेल फॅरेडे हे नाव आपल्याला शाळेत भेटते ते विजेच्या धड्यात. चुंबक, तारेचे वेटोळे आणि सुई हलणारे यंत्र एवढ्यावर त्यांची ओळख संपते. परंतु विजेकडे पूर्णपणे वळण्याआधी या शास्त्रज्ञाने आयुष्यातील जवळजवळ सहा वर्षे भट्टीसमोर घालवली होती, आणि तीही चाकू, वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे यांच्यासाठी अधिक चांगले पोलाद मिळवण्याकरिता. त्या खटाटोपाचा उगम आपल्या देशात होता.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करणारे. उत्तर इंग्लंडमधून पोटासाठी ते राजधानीत आले होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या हाताला रोज काम मिळेच असे नव्हते. १८०१ च्या महागाईत लहानग्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे कुटुंब एका तबेल्याच्या माडीवर राहत होते. घण, ऐरण आणि भाता यांचे आवाज या मुलाच्या कानांना परके नव्हते. पुढे थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांच्याच धंद्यात गेला. मायकेल मात्र १८०५ मध्ये रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत तो शास्त्राकडे ओढला गेला. संध्याकाळच्या विज्ञान-व्याख्यानांची एक शिलिंग फी रॉबर्टने आपल्या लोहारकामाच्या कमाईतून भरली. १८१२ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे मायकेलने स्वतः बांधली आणि ती डेव्हींकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रासायनिक साहाय्यकाची जागा मिळाली. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे.

पोलादाची कथा त्याआधीच सुरू झाली होती. १७९४ मध्ये मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका विलक्षण पोलादाचे नमुने धाडले. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत. कानडी ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे मानले जाते. पोलाद मुंबईहून गेले म्हणून लंडनच्या कागदपत्रांत ते मुंबईत बनलेले ठरले. प्रत्यक्षात ते दख्खन व दक्षिणेतील गावोगावच्या भट्ट्यांमध्ये, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा एकत्र तापवून तयार होत असे. ते घडवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

लंडनच्या स्ट्रँड भागात जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या निष्णात कारागिराचे दुकान होते. बँक्स यांच्या सांगण्यावरून त्यांनी या पोलादाचा एक लहान चाकू घडवला. सामान्य पोलादाप्रमाणे पांढरेफेक होईपर्यंत तापवले, तर वूट्झ घणाखाली फुटून जाते, कारण त्यात कर्बाचे प्रमाण फार असते. अंधारात जेमतेम लाल दिसेल इतक्याच उष्णतेवर ते धीराने ठोकावे लागते. स्टोडार्ट यांनी नेमके हेच केले. धार इतकी उत्तम निघाली की पुढे ते आपल्या दुकानाच्या जाहिरातीत हिंदुस्थानी पोलाद युरोपातील उत्तम पोलादाहून सरस असल्याचे सांगू लागले.

याच स्टोडार्ट यांनी १८१८ च्या सुमारास तरुण फॅरेडे यांना हाताशी धरले. १८१९ मध्ये फॅरेडे यांनी वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम आढळल्याचे नोंदवले. त्याच वर्षी ते वेल्समध्ये पायी हिंडले आणि तेथील लोखंडाचे कारखाने जवळून पाहून आले. मग रॉयल इन्स्टिट्यूशनमधील भट्टी पेटली. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, सोने, निकेल अशा धातू मिसळून मुशी तापवल्या जाऊ लागल्या. चांदीचा अनुभव बोधक होता. ती जरा जास्त पडली की धातू थंड होताना तिचे बारीक थेंब बाहेर ढकलले जात. पाचशे भागांत एक भाग एवढीच चांदी पोलाद आपल्यात सामावून घेई. मौल्यवान ऱ्होडियम डॉ. वोलास्टन यांच्याकडून आले.

त्यातला एक प्रयोग आजही चाकू घडवणाऱ्यांना आपलासा वाटेल. पोलादाच्या आणि प्लॅटिनमच्या सारख्या जाडीच्या तारा एकत्र बांधून त्या कुशल लोहाराकडून ठोकून एकजीव करून घेतल्या गेल्या. ते घडवून, घासून, वर सौम्य आम्ल फिरवताच काळसर पोलादावर प्लॅटिनमचे पांढरे ढग उमटले. पोलादी दोराचा तुकडा तापवून, सुहागा टाकून, घणाने एकसंध करून त्याचे पाते बनवण्याची आजची पद्धत याच जातीची आहे. तिथेही आम्लाचा हात फिरल्यावर प्रत्येक तारेची वीण दिसू लागते.

घडवणे हे अर्धेच काम. पाते लालभडक असताना बुडवून पाणी दिले की पोलाद अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. वस्तऱ्याला एक उष्णता, चाकूला दुसरी. फॅरेडे व स्टोडार्ट यांच्या ध्यानात आले की वूट्झला इंग्रजी पोलादापेक्षा अधिक उष्णता द्यावी लागते आणि ऱ्होडियमयुक्त पोलादाला त्याहूनही अधिक. कारागिराच्या डोळ्याला जे रंगावरून कळे, ते आता थर्मामीटरच्या अंशांत नोंदले गेले. मला या साऱ्या उद्योगातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१८२० आणि १८२२ मध्ये दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. शेफील्डमध्ये मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले, चांदीचे पोलाद काही काळ बाजारातही आले. फॅरेडे यांनी आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. पण ऱ्होडियम आणि प्लॅटिनम कोणत्या कारखानदाराला परवडणार? शिवाय मूळ निदानच चुकले होते. वूट्झचे रहस्य अ‍ॅल्युमिनियममध्ये नव्हते. फॅरेडे यांचे काम वाचूनच पॅरिसमधील ब्रेआँ यांनी ते कर्बात असल्याचे दाखवले. पात्यावरची लहरींची नक्षी कशी उमटते, हा प्रश्न तर त्यानंतरही दीड शतकाहून अधिक काळ उरला. १९९८ मध्ये व्हरहोव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी मिळून त्यामागे खनिजातील व्हॅनेडियमसारख्या घटकांचा अत्यल्प अंश असल्याचे मांडले. तेथेही शास्त्रज्ञ आणि कारागीर ही जोडी लागलीच.

दरम्यान फॅरेडे यांचे आयुष्य वेगाने बदलत होते. जून १८२१ मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये विजेच्या साहाय्याने सतत फिरणारी तार त्यांनी करून दाखवली, आणि वोलास्टन यांची कल्पना चोरल्याचा बोभाटा झाला. ज्यांनी पोलादासाठी ऱ्होडियम दिले, त्यांच्याच बाबतीत हा आरोप यावा, हे त्यांना फार लागले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाला खुद्द डेव्ही यांनी विरोध केला, तरी जानेवारी १८२४ मध्ये फॅरेडे निवडून आले. भट्टी त्यानंतर लवकरच विझली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला, तो मऊ लोखंडाच्या सहा इंची कड्यावर तार गुंडाळून. सरदारकी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

पोलादाच्या ७९ नमुन्यांची एक लाकडी पेटी मात्र रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पडून राहिली. मँगनीज पोलादाचे जनक सर रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी ती तपासून १९३१ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्या तुकड्यांत प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी तर होतीच, आणि क्रोमियमही होते.