शाहीर रामजोशी : एका कलावंताची घडण

पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांचा विचार करताना अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या नावांबरोबर सोलापूरच्या रामजोशीचे नाव अपरिहार्यपणे येते. मात्र इतरांच्या बाबतीत रचनेचा विचार आधी आणि चरित्राचा नंतर होतो, तर रामजोशीच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा होतो. विद्वान ब्राह्मण घराण्यात जन्मलेला मुलगा तमाशाच्या नादी लागतो, घराबाहेर काढला जातो, पंढरपुरास जाऊन व्युत्पन्न होतो, पुन्हा डफ हाती घेतो आणि मोरोपंतांच्या उपदेशाने कीर्तनाकडे वळतो, अशी ही कथा आहे. स्खलन, प्रायश्चित्त, पुन्हा स्खलन आणि शेवटी उद्धार हे तिचे टप्पे एखाद्या कीर्तनातील आख्यानाप्रमाणे ठरून गेले आहेत. प्रस्तुत लेखात या चरित्राकडे निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लोकांसमोर उभे राहून गाणाऱ्या, बोलणाऱ्या आणि सोंग वठवणाऱ्या माणसाला जे शिक्षण लागते ते रामजोशीला कोठे, कोणाकडून आणि कोणती किंमत देऊन मिळाले, हा येथील प्रश्न आहे.

रामजोशीचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरात झाला. घराणे जोशीपणाचे. वडिलांचे नाव जगन्नाथ. थोरले बंधू मुद्गल हे शास्त्राध्ययन केलेले, पुराण सांगणारे गृहस्थ होते आणि घराच्या लौकिकाचा भार त्यांच्यावर होता. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर काय पडते याचा विचार चरित्रकारांनी फारसा केलेला नाही. संस्कृत श्लोक म्हणणे, त्याचा प्राकृतात अर्थ लावणे, श्रोते पेंगू लागले की दृष्टांत घालणे, आवाज कोठे चढवावा व कोठे उतरवावा हे जाणणे, ही सर्व प्रयोगाचीच अंगे होत. पुढे रामजोशीच्या लावणीत पुराणकथांचे संदर्भ ज्या सहजतेने येतात, ती सहजता केवळ पोथी वाचून येत नाही. ती ऐकून येते. तमाशाच्या बोर्डावर जाण्यापूर्वी त्याची पहिली तालीम घरच्या ओसरीवर झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळचे सोलापूर समजून घेतल्याखेरीज दुसऱ्या तालमीचा अर्थ लागत नाही. हे गाव मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषांच्या सीमारेषेजवळचे. दख्खनी बोलीही बाजारात आणि किल्ल्याच्या परिसरात रुळलेली. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे येथील आराध्यदैवत, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या त्यांच्या यात्रेत चहूकडचे लोक एकत्र येत. अशा गावी करमणूक करणाऱ्याला एकाच भाषेवर भागवता येत नसे. रामजोशीने संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी यांची मिश्रणे करून लावणी रचली, याचे वाङ्मयेतिहासकारांनी पांडित्याचा चमत्कार म्हणून कौतुक केले आहे. संस्कृताचा वाटा पांडित्याचा आहे, हे खरे. पण कानडी आणि हिंदुस्थानी हा सोलापूरच्या श्रोत्यांचा वाटा आहे.

याच गावात धोंडी शाहिराचा फड होता. लहानपणी रामजोशी त्याच्या बिऱ्हाडी जाऊन बसू लागला आणि तेथेच रमला. फडाची शिक्षणपद्धती लिहून ठेवलेली नसली तरी तिचा क्रम पक्का असे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला असल्याने आपल्याला परिचित आहे. नव्या पोराने प्रथम झील धरावयाची. म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या ओळीचा शेवट उचलून तो ध्रुवपदापर्यंत वर न्यायचा. यात श्वास आणि सूर दोन्ही तयार होतात. मग तुणतुणे हाती येते, कारण त्याने सूर सुटत नाही. त्यानंतर डफ, आणि डफाबरोबर लय. दरम्यान जुनी कवने पाठ होत असतात. एवढे झाल्यावर सवाल-जवाबांत उभे राहण्याची पाळी येते. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे झगडे रात्ररात्र चालत. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडीत, तुरेवाले शिवाचे. समोरच्याने घातलेले कोडे तेथल्या तेथे, त्याच चालीत आणि शक्यतो त्याच यमकात सोडवावे लागे. उत्तर सुचले नाही तर हार पत्करावी लागे, आणि ती हार गावभर होत असे.

आजच्या भाषेत ज्याला आपण अभिनयाची कार्यशाळा म्हणतो तिच्यातील उत्स्फूर्त रचना, सहकाऱ्याकडे लक्ष, आवाजाची फेक, श्रोत्यांचा अंदाज ही सर्व प्रकरणे या शिक्षणात होती. फरक एवढाच, की येथे सराव आणि प्रयोग यांत भिंत नव्हती. चुका लोकांसमोरच होत. रामजोशी येथे शब्द जुळवू लागला. धोंडीसाठी त्याने कवने रचून दिल्याचे परंपरा सांगते. उत्तम रचना करणारा मुलगा आणि ती रचना फडावर वठवणारा अनुभवी शाहीर, असे हे नाते असावे. त्यात गुरुशिष्यभावाइतकाच व्यवहारही होता.

बंधूंना हे मानवणे शक्य नव्हते. जोशीपणाची वृत्ती ही गावाच्या विश्वासावर चालते. ज्या घरातून मुहूर्त आणि पुराण मिळवायचे, त्या घरातला मुलगा रात्री डफ वाजवताना दिसला तर यजमान दुसऱ्या दारी जातात. मुद्गलांनी धाकट्या भावास घराबाहेर काढले यात केवळ सोवळेपणाचा ताठा पाहणे अन्यायाचे होईल. घराच्या उपजीविकेचाही तो प्रश्न होता. तथापि किंमत रामजोशीने दिली. जातीने आणि घराने तुटलेला कलावंत या परंपरेत तो पहिला नसेल, पण ज्यांची आठवण राहिली अशांत तो अग्रभागी आहे. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातून तमाशात गेलेल्या पठ्ठे बापूरावांना (१८६६–१९४५) शतकानंतरही हीच किंमत द्यावी लागली.

घर सुटल्यावर रामजोशी पंढरपुरास गेला. तेथे त्याने काशीनाथशास्त्री उपाध्ये ऊर्फ बाबा पाध्ये यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले असे सांगतात. बाबा पाध्ये म्हणजे धर्मसिंधु या ग्रंथाचे कर्ते. हा ग्रंथ १७९० च्या सुमारास पूर्ण झाला आणि पुढे धर्मनिर्णयाच्या बाबतीत महाराष्ट्रात प्रमाण मानला गेला. ज्या मुलाला धर्माचरणाच्या कारणाने घर सोडावे लागले, त्याला धर्मशास्त्राच्या सर्वांत मोठ्या तत्कालीन पंडितापाशी जागा मिळाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. चरित्रकार या पर्वाला प्रायश्चित्ताचा रंग देतात. परंतु रामजोशीने पंढरपुरात जे मिळवले त्याचा विनियोग पाहिला म्हणजे वेगळेच चित्र दिसते. काव्यशास्त्रातील अलंकार, यमकांचे प्रकार, वृत्तांची जाण, नायिकाभेद हे सारे त्याच्या लावणीत उतरले. छेकापन्हुतीसारखा अलंकार संपूर्ण लावणीचा सांगाडा म्हणून वापरणे हे त्याचे उत्तम उदाहरण. एक सखी दुसरीला काही सांगते, ऐकणारीला त्यातून प्रियकराचे वर्णन कळते, आणि सांगणारी ऐनवेळी अर्थ फिरवून भलतीच वस्तू पुढे करते. अलंकारग्रंथात हे एका श्लोकाचे उदाहरण असते. फडावर तो दोन पात्रांचा प्रवेश होतो. त्यात मुद्रा आहे, विराम आहे, श्रोत्याला फसवण्याची वेळ साधणे आहे. मदालसा चंपू ही संस्कृत रचनाही त्याच्या नावावर आहे. त्यावरून त्याची व्युत्पत्ती दिसते. त्याचे सामर्थ्य मात्र लावणीत दिसते.

सोलापुरास परतल्यावर रामजोशीचा स्वतःचा फड उभा राहिला. त्यातील बया या कलावंतिणीचे नाव परंपरेने राखले आहे. इतर साथीदारांची नावे तिने फारशी राखली नाहीत. येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. रचनाकाराचे नाव मुद्रेच्या रूपाने लावणीच्या शेवटी गुंफलेले असते, म्हणून ते टिकते. ती लावणी ज्याच्या पायांनी, डोळ्यांनी आणि हातांनी लोकांपर्यंत पोचली त्याला अशी मुद्रा घालता येत नाही. शाहिरी वाङ्मयाचा इतिहास हा बव्हंशी मुद्रा असणाऱ्यांचा इतिहास राहिला आहे, आणि तो तसाच लिहिला जात राहिला तर त्या कलेतील शिक्षणाचा अर्धा भाग आपल्या नजरेआड राहील.

मोरोपंतांच्या भेटीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. पंतांनी रामजोशीचा तमाशा ऐकला, त्याच्या प्रतिभेचे कौतुक केले, पण अशी वाणी हरिकथेस वाहावी असे सुचवले. आणि रामजोशीने डफ फोडून टाकला. डफ खरोखर फुटला की नाही हा प्रश्न सोडून देऊ. मोरोपंत आणि बाबा पाध्ये हे परस्परांचे व्याही होते. तेव्हा पाध्यांच्या विद्यार्थ्याची वार्ता बारामतीस पोचली असणे स्वाभाविकच होते. पंतांचे निधन १७९४ मध्ये झाले. म्हणजे ही भेट झाली तेव्हा रामजोशी फार तर तिशीच्या आसपास होता आणि पुढे त्याचे निदान अठरा वर्षांचे आयुष्य शिल्लक होते. अनंत फंदीविषयी अशीच कथा आहे. त्याला अहिल्याबाई होळकरांनी तमाशाकडून कीर्तनाकडे वळवले असे सांगतात. दोन शाहिरांच्या चरित्रांत एकच वळण यावे, हे आख्यायिका घडवणाऱ्या समाजाविषयी बरेच काही सांगून जाते. कलावंताची विद्या त्याला हवी होती, तिचे ठिकाण मात्र पसंत नव्हते.

कीर्तनकार झाल्यावर रामजोशीने मोरोपंतांच्या आर्या चालींवर बसवून गायिल्या आणि त्यांचा प्रसार केला, हे त्याचे कार्य सर्वमान्य आहे. आर्या हे वृत्त वाचनाचे. मोरोपंतांची आर्या तर समासांनी आणि श्लेषांनी घट्ट विणलेली. ती जनसमुदायाला ऐकवून कळेल अशी करणे हे सोपे काम नव्हते. कोणता शब्द तोडायचा, कोणता पुन्हा म्हणायचा, कोठे थांबून अर्थ सांगायचा, हे ज्याला फडावर शिकायला मिळाले होते त्यालाच ते साधले. पूर्वरंगातील निरूपणासाठी पंढरपूर उपयोगी पडले असेल, पण उत्तररंगातील आख्यानात कीर्तनकाराला एकट्याने सर्व पात्रे उभी करावी लागतात आणि तेथे धोंडीचे ऋण मोठे आहे. पंतकवीची कीर्ती जनमानसात रुजली ती काही अंशी तमाशातील तालमीच्या बळावर, हे विधान अनेकांना रुचणार नाही. परंतु क्रम पाहता ते टाळता येत नाही.

उत्तरायुष्यात त्याला पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय लाभला. १८१२ च्या सुमारास त्याचा अंत झाला. सहा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि सोलापूरचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. शाहिरांचा मोठा आश्रयदाता नाहीसा झाला, तरी फड गावोगाव चालू राहिले.

रामजोशीच्या लावण्या पुढे छापून निघाल्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे. मात्र छापील पुस्तकाने एक गैरसमजही रूढ केला. शृंगारिक लावण्या पूर्वायुष्यातील आणि उपदेशपर लावण्या उत्तरायुष्यातील, अशी वाटणी अनेक विवेचनांत गृहीत धरलेली दिसते. तिला आधार आहे तो केवळ उद्धाराच्या कथेचा. एकाच रात्रीच्या बारीत गणापासून शृंगारापर्यंत आणि शृंगारापासून वैराग्यापर्यंत सर्व रस आळवावे लागत, ही फडाची रीत ध्यानात घेतली की ही वाटणी डळमळते. म. वा. धोंड यांनी लावणीकडे गायनाचा व प्रयोगाचा प्रकार म्हणून पाहण्याची जी दृष्टी दिली, ती रामजोशीच्या चरित्रालाही लावली पाहिजे.

१९४७ मध्ये राजकमल कलामंदिराने लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट काढला. बाबुराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचे लेखन व गीते, वसंत देसाई यांचे संगीत, रामजोशीच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयाच्या भूमिकेत हंसा वाडकर असा योग जुळून आला. शिलेदार हे संगीत रंगभूमीवर तयार झालेले गायक नट. म्हणजे फडावर तयार झालेल्या शाहिराला पडद्यावर नाटक मंडळीच्या तालमीतला गळा मिळाला. या चित्रपटानंतर मराठीत तमाशापटांची लाटच आली.

सोलापूर जिल्ह्यात ही परंपरा नंतरही वाहती राहिली. मोडनिंबसारख्या ठिकाणची कलाकेंद्रे ही उपजीविकेची जागा तशीच शिकण्याचीही जागा ठरली. तेथे मुली थोरल्या बहिणीच्या किंवा मावशीच्या मागे उभ्या राहून अदा उचलतात. अकलूज येथे १९९३ पासून लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरू लागल्या आणि पारंपरिक बैठकीच्या लावणीला पांढरपेशा प्रेक्षक मिळाला. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने तमाशा, लावणी, शाहिरी यांची प्रशिक्षण शिबिरे घेतली. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी स्थापन झाली आणि तेथील अध्यासनाला सोलापूर जिल्ह्यातीलच, बार्शीचे, शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांचे नाव मिळाले. या शिबिरांत आणि अभ्यासक्रमांत गण, गौळण, बतावणी, ढोलकीचे बोल शिकवता येतात आणि ते शिकवले जातात. झील धरण्यात जाणारी वर्षे मात्र कोणत्याही वेळापत्रकात बसत नाहीत. शिबिरातून बाहेर पडलेल्या मुलाला त्यानंतर एखाद्या फडाने ठेवून घ्यावे लागते, आणि फडांची संख्या घटत चाललेली आहे. धोंडीच्या बिऱ्हाडी बसणाऱ्या मुलासमोर निदान ही अडचण नव्हती. त्याला फड जवळ होता, घर तेवढे दूर गेले.