तुर्की वंशाचा सेनापती, व्रजभाषेचा कवी : अब्दुर्रहीम खानखानान

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यापासून जवळच, मथुरा मार्गाच्या कडेला, एक भव्य घुमट उभा आहे. या वास्तूचा संगमरवर अठराव्या शतकात उतरवून सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी नेण्यात आला आणि त्यानंतर सुमारे अडीच शतके ती उघड्या दगडांनिशी ऊन-पावसाचा मारा सोसत राहिली. २०१४ साली सुरू झालेले तिच्या जतनाचे काम २०२० मध्ये पूर्ण झाले. अब्दुर्रहीम खानखानान यांनी ही वास्तू आपली पत्नी माहबानू हिच्यासाठी उभारली होती. पुढे त्यांनाही येथेच दफन करण्यात आले.

देशभरातील हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतून रहीम या नावाने भेटणारे कवी ते हेच. त्यांचे दोहे आजही अनेकांना मुखोद्गत आहेत. मात्र या कवीची घराण्यातून आलेली भाषा व्रज नव्हती, अवधी नव्हती आणि फारसीही नव्हती. ती तुर्की होती.

येथे तुर्की म्हणजे आजच्या तुर्कस्तानची भाषा असा अर्थ घ्यावयाचा नाही. मंगोलिया आणि अल्ताई पर्वताच्या परिसरातून निघालेल्या तुर्की टोळ्या शतकानुशतके पश्चिमेकडे सरकत गेल्या आणि त्यांच्या बोलींचे पट्टे थेट भूमध्य समुद्रापर्यंत पसरले. मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातील त्यांचे शिलालेख आढळतात. यांपैकी मध्य आशियात साहित्याची भाषा म्हणून नावारूपाला आली ती चगताई तुर्की. बाबराने आपले आत्मचरित्र याच भाषेत लिहिले.

रहीम यांचे वडील बैरामखान हे काराकोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढ्यांच्या, तुर्कमान टोळीच्या बहारलू शाखेतील होते. ते हुमायूनचे विश्वासू सेनापती होते आणि अकबराचे अतालीकही. अतालीक हा शब्दही तुर्कीच असून राजपुत्राचा पितृस्थानी असलेला पालक असा त्याचा आशय आहे. बैरामखान तुर्की आणि फारसी या दोन्ही भाषांत कविता करीत. पानिपतच्या दुसऱ्या लढाईनंतर सहाच आठवड्यांनी, १७ डिसेंबर १५५६ रोजी, लाहोर येथे रहीम यांचा जन्म झाला. त्यांची आई मेवातमधील जमालखानाची कन्या होती. घरात एका बाजूने मध्य आशिया आणि दुसऱ्या बाजूने अरवलीच्या पायथ्याचा मुलूख, असा हा संगम होता.

हे सुख फार काळ टिकले नाही. १५६० मध्ये अकबराने कारभार स्वतःकडे घेतला आणि बैरामखानाची मक्केकडे रवानगी झाली. वाटेत गुजरातमधील पाटण येथे, सहस्रलिंग तलावाजवळ, जुन्या वैरातून एका अफगाणाने त्यांची हत्या केली. तो ३१ जानेवारी १५६१ चा दिवस होता. पित्याच्या मुखातून त्यांची भाषा ऐकण्यास या मुलाला जेमतेम चार वर्षे लाभली.

अकबराने या पोरक्या मुलाला दरबारात आणून वाढविले. पदच्युत केलेल्या पालकाच्या मुलाचा असा सांभाळ करणे ही त्या काळच्या राजकारणात नित्याची गोष्ट नव्हती. रहीम यांना फारसी, अरबी, तुर्की यांचे शिक्षण मिळाले. संस्कृत आणि लोकभाषांचाही परिचय झाला. अकबराच्या दूधभावाची बहीण माहबानू हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे राजपुत्र सलीमचे अतालीकपद त्यांच्याकडे आले. पित्याने बापाला वाढविले होते, पुत्राकडे त्याचा मुलगा सोपविला गेला.

१५८३ मध्ये गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशाह याने उठाव केला. जानेवारी १५८४ मध्ये अहमदाबादजवळच्या सरखेज येथे रहीम यांनी कुमक येण्याची वाट न पाहता त्याचा पराभव केला. या विजयाबद्दल त्यांना खानखानान ही पदवी मिळाली. पूर्वी ती त्यांच्या पित्याकडे होती. खान हा शब्द तुर्क आणि मंगोल यांचा, तर त्याचे अनेकवचन फारसी वळणाचे. खानांचा खान असा तिचा अर्थ असून त्या एका पदवीत दोन भाषा एकत्र नांदत आहेत.

भाषांची अशी सरमिसळ दरबारात सर्वत्र होती. तथापि ती समसमान नव्हती. तोडरमलाच्या सुधारणांनंतर, १५८२ च्या सुमारास, राज्यकारभाराची भाषा सर्व पातळ्यांवर फारसी झाली. तुर्की ही घराण्याची, अंतःपुराची आणि छावणीची भाषा म्हणून उरली. ती वाचू शकणारे दरबारी पिढीगणिक कमी होत गेले. बाबराचा ग्रंथ त्याच्याच वंशजांच्या दरबारात अनेकांना परका होऊ लागला. अकबराच्या आज्ञेवरून रहीम यांनी त्याचे फारसीत भाषांतर केले आणि नोव्हेंबर १५८९ मध्ये, अकबर काबूलहून परतत असताना, ते त्याला सादर केले.

हे भाषांतर मुळाला इतके धरून आहे की, पुष्कळ तुर्की शब्द त्यात जसेच्या तसे ठेवलेले दिसतात; काही ठिकाणी वाक्यांची रचनाही तुर्की वळणाची आहे. शैलीच्या दृष्टीने हा दोष म्हणावा लागेल. परंतु ज्या वाचकांना तुर्की येत नव्हती, त्यांच्यापर्यंत त्या भाषेचा थोडा गंध त्यामुळेच पोहोचला. अकबराच्या चित्रशाळेत या भाषांतराच्या सचित्र प्रती तयार झाल्या. जहांगीरला मात्र तुर्की येत होती. १६०७ मध्ये काबूल येथे बाबराच्या हस्ताक्षरातील प्रत त्याच्या हाती आली, तेव्हा त्याने तिच्यातील उणे भाग स्वतःच्या हाताने लिहून काढले आणि आपण हिंदुस्थानात वाढलो तरी ही भाषा विसरलेलो नाही, याची अभिमानाने नोंद केली. तशी नोंद करावीशी वाटली, यावरूनच तुर्की जाणणारे किती विरळ झाले होते हे ध्यानात येते.

सिंधची मोहीम आटोपल्यावर रहीम यांना दक्षिणेत पाठविण्यात आले. १५९५ च्या अखेरीस राजपुत्र मुराद याच्यासमवेत त्यांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला नेटाने लढविला आणि अखेर वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला. १५९७ च्या आरंभी पाथरीच्या परिसरात, गोदावरीच्या काठी, विजापूरच्या सुहेलखानाशी मोठी लढाई झाली. निजामशाही आणि कुतुबशाही फौजाही सुहेलखानाबरोबर होत्या. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हाही काराकोयुनलू वंशाचाच होता. एकाच टोळीतून निघालेल्या दोन घराण्यांच्या फौजा मराठवाड्याच्या मातीत समोरासमोर आल्या होत्या. विजय मोगलांचा झाला, पण खानदेशचा राजा अलीखान त्यांच्या बाजूने लढताना पडला. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. त्यापूर्वीच चांदबिबीचा तिच्याच लोकांनी घात केला होता.

दक्षिणेत तुर्की शब्द मोगलांच्याही आधी, बहमनी काळापासून, मुख्यतः फारसीच्या मार्गाने येत होते. त्याचे श्रेय एकट्या कोणाला देता येणार नाही. लष्करी जीवनात ते अधिक रुजले. तोफ, कुमक, चकमक, एल्गार, बहादूर, कुर्निसात, वकील म्हणून जाणारा एलची आणि तोफची-मशालची यांतील ची हा प्रत्यय, यांचे मूळ तुर्कीकडे जाते. चकमक म्हणजे मुळात गारगोटी आपटून ठिणगी पाडणे. मराठीने तिला लढाईचाही अर्थ दिला. उर्दू या भाषेचे नावही छावणी या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आले आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडिताने राज्यव्यवहारकोश रचला आणि परभाषी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही बोलीत तोफ ती तोफच राहिली.

बुऱ्हाणपूर हे रहीम यांचे दीर्घकाळचे ठाणे होते. तेथे कवींना आणि विद्वानांना त्यांचा उदार आश्रय होता. त्यांनी स्वतः व्रजभाषेत दोहे आणि अवधीत बरवै रचले. मदनाष्टक या त्यांच्या रचनेत संस्कृत आणि खडीबोली, तर ज्योतिषावरील खेटकौतुकम् या ग्रंथात संस्कृत आणि फारसी एकत्र आलेल्या आहेत. रामायणाची एक सचित्र प्रतही त्यांनी आपल्या चित्रकारांकडून करवून घेतली. पित्याने तुर्कीत केली तशी कविता पुत्राने व्रजात केली. कवी म्हणून त्यांची कीर्ती टिकली ती या देशीच्या भाषांमुळे.

सेनापती म्हणून त्यांची उत्तरायुष्यातील कारकीर्द निष्कलंक होती असे म्हणवत नाही. मलिक अंबरापुढे १६१० मध्ये मोगलांची नामुष्की झाली आणि शत्रूशी संधान असल्याचा संशय त्यांच्यावर आला. शाहजहानने जहांगीरविरुद्ध बंड केले, तेव्हा वृद्ध रहीम कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकले. त्याची किंमत जबर होती. थोरला मुलगा शाहनवाजखान १६१९ मध्येच मद्यपानाने गेला होता. दुसरा मुलगा दाराबखान याचा महाबतखानाने वध करविला आणि त्याचे शिर पित्याकडे पाठविले. पुढे जहांगीरने रहीम यांना क्षमा केली, पदवीही परत दिली. १६२७ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या फारसी भाषांतराची एक सचित्र प्रत आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाबराच्या मूळ तुर्की ग्रंथाची महत्त्वाची हस्तलिखित प्रत मात्र मिळाली ती हैदराबादेत, सालारजंगांच्या ग्रंथसंग्रहात. अ‍ॅनेट बेव्हरिज या विदुषीने १९०५ साली तिची प्रतिकृती छापून प्रसिद्ध केली आणि तिच्याच आधारे पुढे इंग्रजी भाषांतर पूर्ण केले.